सावरीची उशी

ती दीड हात लांब आहे. खोळ निळ्या पट्ट्यांच्या गादीपाटाची, धुऊन धुऊन पट्टे आता आकाशी झालेत. डाव्या शिवणीला चार बोटं रुंदीची एक हिरवी पट्टी जोडलेली आहे, माझ्या आजीच्या लुगड्याची. अभ्रा चढवला की यातलं काहीच दिसत नाही. आमच्या घरात सहा उशा आहेत. पण "उशी कुठाय?" असं मी विचारलं तर ती हीच, हे माझ्या अकरा वर्षांच्या मुलीलाही ठाऊक आहे. बाकीच्या पाच जणींना 'फुलांची', 'सोफ्यावरची', 'पाहुण्यांची' असं काहीतरी म्हणावं लागतं.

तिचा जन्म संगमेश्वर तालुक्यातल्या माझ्या आजोळचा. घरामागच्या वरकस जमिनीत एक काटेसावर होती. माघात तिची पानं झडलेली असायची आणि नुसत्या फांद्यांवर जाड पाकळ्यांची लाल फुलं यायची. वैशाखात बोंडं तडकत आणि कापूस वाऱ्यावर सुटे. आजी तेवढी वेळ येऊ द्यायची नाही. तडकायच्या बेताला आलेली बोंडं आकडीने पाडून ती खळ्यात वाळत घाली, वर जुनं लुगडं पसरून कडेने दगड ठेवी. बोंडं लुगड्याखालीच फुटत. मग भर दुपारी माजघराची दारं लावून ती काळ्या बिया वेगळ्या करत बसे. आम्ही घामाने निथळत असू, पण पंखा लावायची मुभा नसे. या कापसाचं सूत निघत नाही. तंतू आखूड आणि गुळगुळीत, पीळच धरत नाही. शिवाय त्याच्यावर मेणासारखा थर असतो, त्यामुळे तो पाणीही लवकर पीत नाही. सूतकताईला निरुपयोगी असलेला हा कापूस आजीच्या लेखी फक्त डोक्यासाठी होता. गादीत तो भरणं तिला उधळपट्टी वाटे.

हिरव्या पट्टीची हकिगत अशी. उशी पहिल्यांदा शिवली तेव्हा आजीने दोन वर्षांचा साठवलेला कापूस तिच्यात कोंबला. उशी टणक झाली, आजोबांची मान आखडली. वेचून वेचून साफ केलेला कापूस काढून टाकायला तिचा जीव होईना. मग तिने एका बाजूची शिवण उसवली आणि लुगड्याची पट्टी जोडून खोळच मोठी केली. कापूस तेवढाच, जागा जास्त. ही गोष्ट मी लहानपणी कितीदा ऐकली असेल, आणि तिच्यात लक्षात ठेवण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

मला खोकल्याची भीती वाटायला लागली तेव्हा मी पस्तिशीत होते. खोकलं, शिंकलं, मोठ्याने हसलं, भाजीची जड पिशवी उचलली, की अंबाडा बसतो त्याच्या खाली, डोक्याच्या मागे, आतून ढकलल्यासारखी कळ यायची. अर्ध्या मिनिटात ती ओसरायची आणि मी पुन्हा फळ्याकडे वळायची. मी शाळेत मराठी शिकवते. सहा वर्षं मी मायग्रेन, पित्त, चष्म्याचा नंबर आणि 'घरी काही ताण आहे का' या चार उत्तरांमधून फिरत राहिले. शेवटचं उत्तर देणाऱ्या एका डॉक्टरांनी माझ्याऐवजी माझ्या नवऱ्याकडे बघून ते विचारलं होतं. त्या सहा वर्षांचा मला अजून राग आहे, आणि तो मी लपवत नाही.

मग एका रविवारी गणवेशाला इस्त्री करताना मुलगी ओरडली. माझ्या उजव्या मनगटाच्या वर इस्त्री टेकलेली होती. काहीतरी टेकलंय हे मला कळत होतं. ते तापलेलं आहे हे कळत नव्हतं. तो फोड ज्यांना दाखवायला गेले त्या डॉक्टरांनी मलम दिलंच, पण दोन काचेच्या नळ्या आणल्या, एकीत गरम पाणी आणि एकीत गार, आणि मला डोळे मिटायला सांगितले. डाव्या हाताने मी दोन्ही ओळखल्या. उजव्या हाताला दोन्ही नळ्या नुसत्या गुळगुळीत लागल्या. त्यांनी तिथल्या तिथे एमआरआयची चिठ्ठी लिहिली.

कवटीच्या तळाला एक मोठं भोक असतं, तिथून मेंदू संपून मज्जारज्जू सुरू होतो. लहान मेंदूची खालची दोन टोकं, त्यांनाही टॉन्सिलच म्हणतात, त्या भोकाच्या वर असायला हवीत. पाच मिलिमीटरपेक्षा जास्त खाली आली तर सहसा आजार धरतात. माझी बारा मिलिमीटर खाली होती. मेंदूभोवती जे पाणी असतं ते दिवसाला साधारण अर्धा लिटर तयार होतं. एका वेळी असतं दीडशे मिलिलिटरच्या आसपास, बाकीचं शोषलं जातं. हृदयाच्या दर ठोक्याला ते थोडं खाली कण्यात उतरतं आणि परत वर येतं. माझ्या त्या भोकात बूच बसलं होतं. खोकल्यावर वाढलेला दाब खाली जायला वाट नव्हती, म्हणून कळ. आणि कित्येक वर्षांच्या त्या धक्क्यांनी मानेतल्या मज्जारज्जूच्या ऐन गाभ्यात पाण्याची एक लांबट पोकळी झाली होती. उष्णतेची आणि वेदनेची जाणीव नेणारे धागे नेमके त्या मध्यावरून एका बाजूचे दुसऱ्या बाजूला जातात. स्पर्शाचे धागे मागून, वेगळ्या वाटेने. इस्त्री लागलेली कळली आणि भाजलेलं कळलं नाही, त्याचं कारण हे.

शल्यविशारदांनी कागदावर चित्र काढून समजावलं: मागचं थोडं हाड काढू, पहिल्या मणक्याची मागची कमान काढू, मग मेंदूवरचं जाड आवरण उघडू आणि त्याला जोड देऊ. जोड तुमच्याच कवटीवरच्या पातळ पडद्याचा. मेंदूला हात लावायचा नाही, त्याला फक्त जागा करून द्यायची.

आई इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "म्हणजे आपल्या उशीसारखं."

डॉक्टरांना ते कळायचं काही कारण नव्हतं. मला मात्र त्या क्षणी ऑपरेशन समजलं, आणि भीती पुरती गेली नाही तरी तिला एक ओळखीचा रंग आला, हिरवा.

ऑपरेशनच्या टेबलावर उशी नसते. रुग्णाला पालथं निजवतात आणि डोकं तीन खिळ्यांच्या चिमट्यात घट्ट धरतात, एका बाजूला दोन खिळे, दुसऱ्या बाजूला एक. त्या तीन खुणा मला नंतर केस विंचरताना सापडल्या. पाचव्या दिवशी मी बसायला लागले आणि तेव्हा कळलं की आपण आजवर डोकं नावाची वस्तू कधी उचललेलीच नव्हती, ते आपोआप उचललं जात होतं. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. ते तोलून धरणारे मानेमागचे स्नायू कापून, बाजूला सारून, परत शिवलेले. माझ्या मानेवर आता कुणीतरी भरलेली कळशी ठेवून गेलं होतं आणि ती उतरवायला कुणी येत नव्हतं.

घरी आले तेव्हा नवऱ्याने आधीच दुकानातून मानेच्या आकाराची फोमची उशी आणून ठेवली होती. चांगली, महागातली. पण तिचा उंचवटा नेमका टाक्यांच्या टोकाशी यायचा आणि ती तसूभरही हलायला तयार नव्हती. मग टॉवेलची गुंडाळी झाली, प्रवासात गळ्यात घालतात ती नालाच्या आकाराची उशी झाली. चौथ्या रात्री आईने तिच्या कपाटातून ही काढली. अभ्रा काढला, खोळीवरून हात फिरवला आणि मधोमध मूठ दाबून कापूस वर-खाली सारला. वरचा भाग पातळ, खालची कड वळकटीसारखी जाड, मध्ये खड्डा. मी डोकं टेकलं. खालची कड मानेच्या पोकळीत बसली आणि टाके त्या खड्ड्यात अधांतरी राहिले, कशालाच न टेकता. त्या रात्री मी सलग तीन तास झोपले. चार दिवसांत पहिल्यांदा.

तिचा स्वभाव मला त्यानंतरच्या महिन्यांत कळला. ती सांगितलेलं ऐकते, पण कायमचं नाही. रात्री दहाला केलेला खड्डा पहाटे तीनच्या सुमाराला भरून येतो. कापूस हळूहळू आपल्या जागी परततो आणि मला जाग येते. मग उठायचं. उठणं म्हणजे आधी कुशीवर वळायचं, डोकं, खांदे, कंबर एकदम, ओंडक्यासारखं, मग कोपरावर भार देऊन वर यायचं. सरळ उताण्याचं उठून बसलं तर खोली फिरते. भिंत थांबेपर्यंत वाट पाहायची. मग मूठ, खड्डा, पुन्हा टेकणं. सुरुवातीला या तीनच्या जागेने मला रडू यायचं. आता मला वाटतं की पाच तास एकाच बाजूवर पडून राहायला तिने मला कधी दिलंच नाही, आणि आखडलेल्या मानेला तेच हवं होतं.

डोक्याच्या मागच्या बाजूला, वणाच्या वर, तळहाताएवढा भाग बधिर आहे. तिथल्या कातडीची नस ऑपरेशनच्या वाटेत येते. उशीवर डोकं ठेवलं की कान पोचतो, गाल पोचतो, मानेची कड पोचते, आणि तो तळहाताएवढा तुकडा अजून वाटेतच आहे असं वाटत राहतं. त्याची वाट बघत पडून राहायचं, ही एक फार विचित्र एकटी भावना आहे. ती मी कुणाला नीट सांगू शकलेले नाही.

अशाच एका तीनच्या जागेत मी हान्स किआरींबद्दल वाचलं. ज्यांच्या नावाने हा आजार ओळखला जातो ते प्रागमध्ये शवविच्छेदन करणारे डॉक्टर होते. 1891 मध्ये त्यांनी या बिघाडावरचा पहिला लेख लिहिला. त्यातल्या पहिल्या प्रकाराचं उदाहरण म्हणून दिलेली मुलगी सतरा वर्षांची होती, ती विषमज्वराने गेली होती, आणि लहान मेंदूची तिला कसलीच तक्रार नव्हती असं नोंदलेलं आहे. शवविच्छेदनाच्या टेबलावर मृताच्या डोक्याखाली ठोकळा देतात. मी अंधारात पडून त्या मुलीच्या डोक्याखालच्या ठोकळ्याचा विचार करत राहिले. तक्रार नव्हती हे खरंही असेल. पण मलाही सहा वर्षं कागदावर तक्रार नव्हतीच, ताण होता. त्याच वाचनात दुसरंही एक सापडलं: डॉक्टरांनी माझ्या ज्या आवरणाला जोड दिला त्याला वैद्यकात 'ड्युरा माटर' म्हणतात, लॅटिनमध्ये 'कठीण आई'. मध्ययुगात अरबी वैद्यकग्रंथ लॅटिनमध्ये नेताना 'मेंदूची आई' या अरबी नावावरून ते आलं. सकाळी मी हे आईला सांगितलं. तिने नुसती मान हलवली आणि अभ्रा धुवायला घेतला.

खोकल्याची कळ पहिल्या दोन महिन्यांतच गेली. हे मी आधी सांगायला हवं होतं, कारण ती फार मोठी गोष्ट आहे. पहिल्यांदा शिंक आली तेव्हा मी सवयीने उशी छातीशी घट्ट आवळली, डोळे मिटले, आणि काहीच झालं नाही. मी तशीच बसून राहिले. मग मुद्दाम खोकून पाहिलं. मुलगी धावत आली, आई का खोकतेय आणि हसतेय, म्हणून.

जे राहिलं ते दिसत नाही, आणि इथेच पंचाईत आहे. केस वाढले, वण झाकला गेला. भेटणारा प्रत्येक जण म्हणतो, "चेहरा किती छान दिसतोय, आता एकदम बरी ना?" मी हो म्हणते. मान वळवायची तर मी अख्खी वळते, हे कुणाच्या लक्षात येत नाही. रिक्षा गतिरोधकावरून उडाली की मी दोन्ही हातांनी सीटचा दांडा धरलेला असतो. आभाळ भरून आलं की वणाच्या खाली ताण बसतो. वर्गात शिकवताना ओळखीचा शब्द अचानक सापडेनासा होतो, 'समास' म्हणायचं असतं आणि जिभेवर काहीच नसतं, आणि चाळीस मुलं शांतपणे वाट बघतात. दुपारी दोननंतर अंगातली शक्ती नळाचं पाणी गेल्यासारखी जाते, आधी धार बारीक होत नाही, एकदम बंद. हे आळसाने होत नाही, हे स्वतःला पटवायला मला वर्ष लागलं. लोकांना पटवायचं मी सोडून दिलं आहे.

उशीला मात्र पटवावं लागत नाही. ती कापडी पिशवीत घालून मी शाळेत नेते. मुख्याध्यापिकाबाईंनी ग्रंथालयातला एक बाक माझ्यासाठी भिंतीकडे लावून दिला आहे. मधल्या सुट्टीत वीस मिनिटं मी तिथे आडवी होते, दुखायला लागल्यावर नाही, त्याच्या आधी. ही एक गोष्ट मला ज्यांनी हे ऑपरेशन करून घेतलंय त्या प्रत्येकाला सांगावीशी वाटते: दुखण्याची वाट पाहू नका. दुखून आडवं झालं तर संध्याकाळ जाते, आधी आडवं झालं तर फक्त मधली सुट्टी जाते. आठवीतली मुलं सुरुवातीला पिशवीकडे बघायची. आता मी विसरले तर कुणीतरी दारातच विचारतं, "बाई, उशी?" एसटीत खिडकीशी ती माझ्या खांद्यावर असते. लग्नात ती मंगल कार्यालयाच्या खोलीत माझ्या आधी जाऊन बसते.

सहा महिन्यांनी परत एमआरआय झाला. मज्जारज्जूतली पोकळी निम्म्याहून लहान झाली होती. दोन्ही चित्रं शेजारी लावून डॉक्टरांनी दाखवली, आधीची जाडजूड पांढरी रेघ आणि आताची बारीक. घरी पेढे आले. फोन झाले. मे महिना होता, आणि आईने सकाळी उशी बाल्कनीत उन्हाला टाकली होती, दर आठवड्याला टाकते तशी. चारच्या सुमाराला ती आत आणायला मी गेले. डाव्या हाताने उचलली तर चांगली पोळेल इतकी तापलेली. मी ती खाली ठेवली आणि उजवा हात तिच्यावर सपाट ठेवला. कापड कळलं. शिवण कळली, जोडपट्टीची कडही कळली. ऊन कळलं नाही. मी हात बराच वेळ ठेवला, दाबून ठेवला, जणू जोर लावला तर ते आत शिरेल. आत सगळे बोलत होते. मी पेढ्यांच्या दिवशी बाल्कनीत उभी राहून रडले, आणि ते चूक होतं असं मला आजही वाटत नाही.

पुढच्या खेपेला मी डॉक्टरांना सरळ विचारलं. ते म्हणाले, खोकल्याची डोकेदुखी बहुतेकांची जाते. पोकळीही पुष्कळांची बसते. पण पोकळीने जे धागे वर्षानुवर्षं दाबले, त्यातले किती परत काम करतील ते सांगता येत नाही. काही थोडं येतं, काही येत नाही. पुढे बिघडणं थांबवणं, हे आमच्या हातात होतं. मला त्यांचं हे बोलणं आवडलं. इतकं सरळ उत्तर सात वर्षांत पहिल्यांदाच मिळत होतं.

त्यानंतर मी काही गोष्टी ठरवून टाकल्या. अंघोळीचं पाणी आधी डाव्या हाताने बघायचं. तवा, कुकर, चहाचा कप, सगळं डाव्या हाताने आधी. रोज रात्री उजव्या हाताचा पंजा दिव्याखाली उलटसुलट बघायचा, कुठे भाजलंय, कापलंय का. मुलीने ते काम आपल्याकडे घेतलंय. ती माझं बोट न् बोट तपासते आणि मग उशीत मूठ दाबते. तिची मूठ लहान आहे, त्यामुळे खड्डा खोल आणि अरुंद होतो, आईच्या खड्ड्यासारखा नाही. त्यात डोकं बसायला थोडा वेळ लागतो.

या वैशाखात मामाने गावाहून सावरीचा कापूस पाठवला. जुनं झाड केव्हाच पडलं. हा त्याच्याच बियांतून वाढलेल्या झाडाचा, असं मामा म्हणतो. पंखा बंद करून आईने उशी पुढ्यात घेतली आणि हिरव्या पट्टीच्या बाजूची शिवण उसवली. आतला कापूस बाहेर काढून तिने चाळणीवर थापटला. पुष्कळसा फुलून आला. कडेचा काही कापूस, माझी मान जिथे टेकते तिथला, नुसती चपटी खापरी झाला होता. आईने ती बोटांनी विंचरली, उन्हाला दाखवली, पुन्हा विंचरली. थोडी सुटली. बाकीची तिने टाकली नाही. नव्या कापसाच्या मध्ये ठेवून दिली.

"शिवण तू घाल," ती म्हणाली. "माझे डोळे चालत नाहीत."

मी सुई घेतली. मान खाली घालून शिवणं अजून जमत नाही, म्हणून उशी छातीच्या उंचीवर उभी धरली आणि टाके घातले, आजीच्या टाक्यांच्या शेजारून, तिच्याइतके बारीक नाहीत. शेवटची गाठ मारून हात काढला तेव्हा हिरव्या पट्टीवर एक लाल ठिपका होता. मी तो कापसाच्या बीचा डाग समजून नखाने खरवडायला गेले, तर बोटामागून आणखी दोन ठिपके उठले. उजव्या हाताचं मधलं बोट. सुई केव्हा गेली होती, कोण जाणे.

"थंड पाण्याने लगेच जाईल," आई म्हणाली आणि उशीसाठी हात पुढे केला.

मी बोट तोंडात धरलं आणि दुसऱ्या हाताने अभ्रा ओढून घेतला.